नाव न जोडलेला फोल्डर

समता मधाळे निपाणीतल्या एका खासगी हायस्कुलात संगणक शिकवायची. साडेचारला शाळा सुटली की घरी न जाता ती जुन्या मोटर स्टँडमागे, झेरॉक्सच्या दुकानावर असलेल्या खोलीत जायची आणि भावाचं काम आवरायची. भाऊ, प्रशिक, ऑक्टोबरात तवंदी घाटात अपघातात गेला. बेळगावहून मोटारसायकलवर परत येत होता. आता फेब्रुवारी लागला होता.

तंबाखूचा हंगाम होता. वखारींतला उग्र वास खिडकीतून आत यायचा, टेबलावर बारीक तपकिरी धूळ बसायची. ह्या दिवसांत दरवर्षी समता शिंकांनी हैराण व्हायची. यंदा तिला एकही शिंक आली नव्हती. जानेवारीत चहाचं पातेलं उतरवताना बोट भाजलं, ते तिला दुसऱ्या दिवशी वर्गात खडू धरताना फोड फुटला तेव्हा कळलं. घरी आई असायची, जयाबाई. दोघी जेवणापुरतं बोलायच्या. भात देऊ का, नको, झालं.

प्रशिक लोकांना वेबसाइट करून द्यायचा. एका कंपनीकडे त्याने होस्टिंगचं एक खातं घेतलं होतं आणि त्यात एकोणीस जणांच्या साइट ठेवल्या होत्या. एक लग्नाचा हॉल, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, चिकोडीचा दातांचा दवाखाना, दोन पतसंस्था, अशा. खात्याची मुदत फेब्रुवारीअखेर संपत होती. ज्याची साइट त्याच्या हवाली करायची आणि खातं बंद करायचं, असं समताने ठरवलं. ठरवलं म्हणजे त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. कपाट रिकामं करावं तसं ते काम होतं.

हे काम तिला प्रशिकनेच दाखवलं होतं. "आक्का, खातं म्हंजे भाड्याचं घर," तो सांगायचा. "फोल्डर म्हंजे त्यातल्या खोल्या. आणि डोमेन म्हंजे नाव. नाव घरात नसतंच. ते भायेर नोंदवायचं आणि त्याला सांगायचं, बाबा, तू ह्या खोलीकडं बोट दाखव. मग माणसं नाव इचारत बरोबर त्या खोलीत येत्यात. नाव न्हाय, तर खोली असून नसल्यागत."

तिने एका कागदावर डावीकडे नावं लिहिली, उजवीकडे फोल्डर, आणि एकेक रेघ मारत गेली. एकोणीस नावं एकोणीस फोल्डरांना बरोबर लागली. उजवीकडे एक फोल्डर उरला. त्याच्याकडे बोट दाखवणारं नाव नव्हतं. फोल्डरला प्रशिकने 'लक्ष्मीबाई' म्हटलं होतं.

आत एकच पान होतं. वर एका माणसाचा फोटो, ओळखपत्रावरून मोठा केलेला. खाली मराठीत आणि त्याखाली कन्नडमध्ये मजकूर. देवाप्पा शिंगे, वय साठ, निपाणीत तंबाखूच्या वखारीवर वॉचमन. जुलै २०१६ मध्ये बेळगावजवळ हिंडलग्याला पाहुण्यांकडे गेले, ते परत आले नाहीत. अंगात पांढरा शर्ट, खांद्यावर निळ्या काठाचा टॉवेल. कुणाला दिसल्यास खालच्या चौकटीत लिहावं.

चौकटीत कुणी लिहिलं तर ते त्याच फोल्डरमधल्या एका साध्या फाइलमध्ये उतरेल, अशी प्रशिकने व्यवस्था केली होती. ती फाइल रिकामीच असणार, असं धरून समताने ती उघडली. आत तीन नोंदी होत्या.

३ डिसेंबर. हिंडलगा. जेलच्या भिंतीच्या कडेने चालत होते.

२ जानेवारी. काकती. हायवेच्या कडेला बसले होते. पायात चप्पल नाही.

२८ जानेवारी. हत्तरगी. टोलनाक्याच्या अलीकडे. निपाणी किती लांब, विचारत होते.

लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. मात्र प्रत्येक नोंदीच्या शेवटी, चौकट कोणत्या पत्त्यावरून भरली गेली, तो पत्ता होता. तिन्ही ठिकाणी एकच: देवाप्पाशिंगे डॉट इन.

समताने ते नाव नोंदणीच्या ठिकाणी तपासलं. ते कुणाच्याच मालकीचं नव्हतं. पूर्वीही कधी कुणी घेतलं नव्हतं. पाहिजे त्याने घ्यावं, असं पडद्यावर लिहून आलं.

हा फोल्डर एखाद्या साइटच्या फोल्डरच्या आत असता, तर त्या साइटच्या नावापुढे तिरकी रेघ देऊन कुणाला तरी त्यात शिरता आलं असतं. पण तो बाहेर, एकटा होता. त्या पानापर्यंत पोचायला जगात कुठूनच वाट नव्हती. तिने होस्टिंग कंपनीला फोन केला. तिथल्या मुलीने दहा मिनिटं लावून तपासलं आणि सांगितलं, "मॅडम, ह्या फोल्डरला आजपर्यंत एकही भेट झालेली नाही. पासवर्ड असलेल्या कुणीतरी फाइलमध्ये हाताने लिहिलं असेल."

पासवर्ड दोघांकडेच होता, प्रशिककडे आणि तिच्याकडे. समताने तो बदलला.

दुसऱ्या दिवशी ती देवाप्पांच्या बायकोकडे, लक्ष्मीबाईंकडे गेली. आई आणि लक्ष्मीबाई पूर्वी एकाच ठेकेदाराच्या विड्या वळायच्या, त्यामुळे घर माहीत होतं. गल्लीच्या शेवटी दोन खोल्या, पुढे दगडी पायरी, समोर नळ. लक्ष्मीबाई उंबऱ्यात बसून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. बोटं आपोआप चालली होती.

"बस गं. आई काय म्हणती?"

"बरी हाय, मावशी." समता पायरीवर टेकली. "प्रशिकनं काकांचं एक पान केलंय, तुमाला म्हाईत हाय?"

"व्हय की. गणपतीच्या आधी आलता. फोटू घिऊन गेला. पैसं नको म्हणाला." त्यांनी विडीला दोरा गुंडाळला. "पोलिसात गेलो तर समदं कानडीतनं लिवून घेतलं, मला काय लिवलं ते बी कळलं न्हाय. ह्यो म्हणला, मी दोन्हीतनं लिवतो. मग बेळगावला जाऊन आल्यावर नाव लावतो म्हणला. नाव लावल्याबिगर कुणाला दिसायचं न्हाय म्हणं."

बेळगावहून तो परत आला नव्हता.

"कुणी काय कळवलं तर सांगाय येऊ का?" समताने विचारलं.

लक्ष्मीबाईंनी तिच्याकडे बघितलं. "आता असतं तर सत्तरीला टेकलं असतं गं. सांग. मी काय, हितंच हाय."

त्या तीन नोंदी समताने त्यांना सांगितल्या नाहीत. कुणाचा तरी खोडसाळपणा असेल, असं तिने मनाशी म्हटलं. तिला रागही आला नाही. राग यायला हवा, एवढं मात्र कळलं.

शुक्रवारी चौथी नोंद आली. ९ फेब्रुवारी. संकेश्वर. बसथांब्याजवळ भरमूच्या चहाच्या गाड्यापाशी थांबले. पुढे एक मोबाइल नंबर होता.

समताने तो दुसऱ्या दिवशी लावला. बराच वेळ वाजून एका म्हाताऱ्याने उचलला.

"भरमू बोलताय का? तुमचा चहाचा गाडा हाय नव्हं, संकेश्वरात?"

"व्हय. कोण?"

"मी निपाणीतनं फोन केलाय. तुमच्या गाड्यावर कोण म्हातारा माणूस आलता का? पांढरा शर्ट, टॉवेल?"

पलीकडे गाडा लोटल्याचा आवाज आला, आणि माणूस बाजूला जाऊन बोलावा तसा आवाज बारीक झाला.

"तुमास्नी कुणी सांगितलं, आक्का?"

"तुमीच लिवलंय की. इंटरनेटवर."

"माझा बटनाचा फोन हाय. मला लिवाय-वाचाय येत न्हाय. आलतं एकजण. काल दुपारच्याला. साठीचं असंल. चहा दिला तर घेतला न्हाय, नुसतं कप धरून हुबं ऱ्हायलं. निपाणी कुठल्या अंगाला इचारलं. मी हात केला. मी घरात बी कुणाला बोललो न्हाय हे."

"का?"

"कप परत घेतला तर आतला चहा बर्फागत झालता," भरमू म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

त्या दिवसापासून समता शाळेच्या मधल्या सुट्टीतही मोबाइलवर फाइल उघडू लागली. तिने पासवर्ड आणखी दोनदा बदलला. चौकटीचा कोड पुसून टाकला, म्हणजे आता कुणी लिहायचं म्हटलं तरी जागाच उरली नव्हती. लग्नाच्या हॉलची साइट हॉलवाल्याच्या हवाली केली, दवाखान्याची डॉक्टरांच्या. एकेक नाव निघून गेलं, एकेक फोल्डर रिकामा करून तिने पुसला. खात्यात शेवटी तो एकच फोल्डर उरला.

१५ फेब्रुवारी. कणगला. पुलाखाली.

घरी जेवताना तिने आईला विचारलं, "आई, देवाप्पाकाका कसं होतं गं?"

जयाबाईंनी घास खाली ठेवला. ह्या चार महिन्यांत समताने काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. "लई चालायचं," त्या म्हणाल्या. "यष्टी चुकली तर थांबायचं न्हाय. चालत यायचं." एवढं बोलून त्यांनी ताट पुढे सारलं.

२१ फेब्रुवारीला, चौथ्या तासाला, मुलं कीबोर्डवर धडा बडवत असताना, समताने टेबलाखाली मोबाइल धरला.

२१ फेब्रुवारी. तवंदी घाट. दुसऱ्या वळणावर. आता दोघं आहेत. म्हाताऱ्याबरोबर एक तरुण माणूस आहे. काळं जाकीट. एका पायात बूट नाही.

तिने ते दोनदा वाचलं. एका मुलीने "मॅडम, माझा माउस चालंना" म्हटलं, तेव्हा उठून माउसची वायर नीट केली. मग जागेवर येऊन पुन्हा वाचलं.

ऑक्टोबरात सरकारी दवाखान्यात तिच्या हातात एक पिशवी दिली होती. पाकीट, घड्याळ, फाटलेलं काळं जाकीट आणि उजव्या पायाचा बूट. दुसरा बूट मिळाला नव्हता. आईला दिसायला नको म्हणून ती पिशवी तिने परस्पर नदीत सोडली. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर ती खोलीत आली. खिडकी लावली. खातं संपायला आठवडा होता. काही केलं नाही तर पुढच्या गुरुवारी तो फोल्डर आपोआप पुसला जाणार होता, फोटोसकट, फाइलसकट. तेच बरोबर होतं. ती मुलांना जे शिकवायची, ज्या गोष्टींवर तिचा विश्वास होता, त्या सगळ्यांप्रमाणे तेच बरोबर होतं.

ती बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसली. मग ते नाव तिने स्वतःच्या नावावर नोंदवलं. खात्याची मुदत वर्षभर वाढवली. नावाला होस्टिंगचा पत्ता दिला आणि फोल्डरच्या रकान्यात 'लक्ष्मीबाई' लिहिलं. प्रशिकचं राहिलेलं एवढंच काम होतं. शेवटचं बटण दाबताना तिला काहीच वाटलं नाही. भांडं घासून पालथं घालावं तसं तिने ते दाबलं.

नाव सगळीकडे पोचायला काही तास लागतात. सकाळी शाळेत निघताना तिने ते मोबाइलवर टाकून बघितलं. पान उघडलं. देवाप्पा तिच्याकडे बघत होते.

शुक्रवारी फाइलमध्ये नवी नोंद नव्हती.

शनिवारी सकाळची शाळा होती. साडेअकराला ती पायऱ्या उतरत असताना बघते तर, एक शब्द आला होता.

आले.

खाली, आतापर्यंत कधीच नव्हतं ते, लिहिणाऱ्याचं नाव होतं. लक्ष्मीबाई.

लक्ष्मीबाईंना सही येत नव्हती. त्या अंगठा द्यायच्या.

समता रिक्षा न करता चालत गेली. ऊन चढलं होतं. गल्लीत कुणी नव्हतं. दोन्ही बाजूंची दारं लावलेली होती, शनिवारचा बाजार असेल म्हणून. लक्ष्मीबाई उंबऱ्यातच होत्या, मांडीवर सूप. त्यांच्यामागे खोलीत अंधार होता, बाहेरच्या उन्हामुळे जास्तच. खोलीतून गारवा येत होता.

"आलीस व्हय," त्या म्हणाल्या. आवाजात आनंद नव्हता, दुःखही नव्हतं. "बस."

"मावशी, काका आलं?"

"मघाशी आलं. निजल्यात."

समताने त्यांच्या खांद्यावरून आत बघितलं. काही दिसलं नाही.

"आणि?"

लक्ष्मीबाईंची बोटं थांबली. "त्यो बी हाय. तिथं कोपऱ्यात बसलाय. म्हटलं, घरला जा की रं, आई वाट बघती. न्हाय म्हणतोय. आई भ्याल म्हणतोय."

समता उठून उभी राहिली. लक्ष्मीबाईंनी सूप बाजूला न ठेवताच एक हात आडवा केला, दाराच्या चौकटीला लावला.

"तुला आत येऊ दिऊ नको म्हणलाय. असंच ऱ्हाऊ दे गं, पोरी."

ती पुन्हा पायरीवर बसली.

बऱ्याच वेळाने आतून कुणीतरी काही बोललं. शब्द कळले नाहीत. लक्ष्मीबाईंनी मान मागे वळवून ऐकून घेतलं.

"नाव काढ म्हणत्यात."

"कुठलं?"

"तू लावलंईस ते. त्या नावानं वाटंवर गेलेली समदीच याय लागल्यात."

समताने मोबाइल काढला. फाइल उघडायला वेळ लागला, कारण ती मोठी झाली होती. तवंदी घाट, एक बाई. तवंदी घाट, दोघं, एकाच्या हातात गाडीचं स्टेअरिंग. कणगला, पुलाखाली, चौघं. तवंदी घाट. तवंदी घाट. नाव नाही, वय नाही. बोटाने कितीही सरकवलं तरी खालचं टोक येत नव्हतं.

तिने खात्यात जाऊन ते नाव फोल्डरपासून तोडलं. मग फोल्डरच पुसला. खातं रिकामं झालं. पडद्यावर पांढरी चौकट आली.

पांढऱ्या चौकटीत एक ओळ उमटली. निपाणी. गल्लीच्या तोंडाशी. बरेच जण.

समताने गल्लीच्या तोंडाकडे बघितलं नाही.

लक्ष्मीबाई उठल्या. गुडघ्यांवर हात देऊन, सावकाश. "लांबनं आल्यात," त्या म्हणाल्या. "पाणी तरी भराय पायजे. नळ जायच्या आत."

समताने पायरीजवळच्या घागरींतली एक उचलली. समोरच्या नळाखाली धरली, भरली, कडेवर घेऊन दारापाशी आणली. आतल्या अंधारातून एक हात पुढे आला. त्याने घागर घेतली, आणि घेताना तिचं भाजलेलं बोट क्षणभर धरलं. हात कोरडा होता आणि फार गार होता. तिने बोट सोडवून घेतलं नाही. त्यानेच सोडलं.

तिने दुसरी घागर भरून आणली. ती घ्यायला दुसराच हात आला.

तिसरी एका बाईने घेतली. मनगटात बांगड्या होत्या, त्यांतली एकही वाजली नाही.

समता चौथी भरायला वळली.